दुपटीचा चौरस

प्लेटोच्या ‘मेनो’ या संवादाच्या मध्यावर एक गणिताचा तास आहे, इ.स.पू. चौथ्या शतकाच्या सुरुवातीला लिहिलेला. अथेन्समध्ये पाहुणा आलेल्या मेनोच्या लवाजम्यातल्या एका गुलाम मुलाला सॉक्रेटिस पुढे बोलावतो. ग्रीक येतं ना, एवढी खात्री करून घेतो आणि दोन फूट बाजूचा चौरस काढून विचारतो : याच्या दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस हवा असेल, तर बाजू केवढी घ्यायची? शिकणं म्हणजे आत्म्याला होणारी आठवण, हे सॉक्रेटिसला यातून दाखवायचं आहे. तो वाद तत्त्वज्ञांकडे सोपवून हा उतारा नुसता धडा म्हणून वाचावा. प्रश्न कसा निवडावा आणि मुलाला त्यात कसं सोडावं, हे इतक्या थोडक्या जागेत दाखवणारं दुसरं काही माझ्या वाचनात नाही.

मुलगा बेधडक सांगतो, बाजू दुप्पट करायची. म्हणजे ४ फूट. सॉक्रेटिस त्याला चूक ठरवत नाही, आकृती काढायला घेतो. या मोठ्या चौरसात मूळचे चार चौरस बसतात, क्षेत्रफळ १६ भरतं, हे मुलगा स्वतःच पाहतो. हवं होतं ८. म्हणजे बाजू २ पेक्षा मोठी आणि ४ पेक्षा लहान. मग ३, मुलगा म्हणतो. किती चांगला अंदाज! पण तीन त्रिक नऊ. एकानेच हुकलं.

मला वाटतं, या धड्याचं सगळं सौंदर्य त्या ‘दोन फुटां’त आहे. सॉक्रेटिसने बाजू १० घेतली असती, तर क्षेत्रफळ २०० हवं झालं असतं. मुलगा २० वरून १५ वर आला असता, तिथे २२५. १४ वर गेला असता, तिथे १९६. आणि मग अपूर्णांकांत शिरून जवळजवळ जात राहिला असता, पण अडला नसता. इथे २ आणि ४ यांच्यामध्ये पूर्णांक एकच, तो तपासून झाला की वाट संपते. मुलगा देवाची शपथ घेऊन सांगतो की मला खरंच माहीत नाही.

त्या आधीचं सॉक्रेटिसचं एक वाक्य घाईत निसटून जाण्यासारखं आहे. आकडा सांगायचा नसेल तर नुसती रेघ दाखव, असं तो म्हणतो. ती बाजू कोणत्याही पूर्णांकात किंवा अपूर्णांकात नेमकी सांगता येत नाही, हे ग्रीक गणितज्ञांना ठाऊक होतं. मुलाला यातलं काही न सांगता शिक्षक त्याला अंकगणितातून अलगद भूमितीत आणून सोडतो. एखाद्या वर्गात परिमेय-अपरिमेयाची व्याख्या फळ्यावर लिहून देण्याआधी मुलांना ही अडचण अशी भेटली पाहिजे.

इथेच सॉक्रेटिस मेनोकडे वळतो. विजेचा झटका देणाऱ्या माशासारखा तू माणसाला बधिर करतोस, असं मेनोने मघाशी त्याला सुनावलेलं असतं. आता तो विचारतो, या मुलाला बधिर करून आपण त्याचं नुकसान केलं का? मघापर्यंत तर हा चारचौघांत, दुपटीसाठी बाजू दुप्पट करा, असं ठणकावून सांगत सुटला असता. सद्गुणावर अनेकदा भाषणं दिल्याचं मेनोने आधीच सांगितलेलं असल्यामुळे हा टोला कोणाला आहे ते उघड आहे.

पुढचा भाग मात्र मला खटकतो. मुलाच्या चुकीतला तोच १६ चा चौरस सॉक्रेटिस पुन्हा मांडतो आणि चारही चौरसांचे कर्ण स्वतःच ओढून टाकतो. मधला तिरका चौरस तयार, चार अर्ध्या तुकड्यांचा, क्षेत्रफळ ८. चुकीचं उत्तर पुसायचं नाही, त्याच्याच पोटात बरोबर उत्तर शोधायचं, ही युक्ती अप्रतिम आहे. पण ती रेघ मुलाने ओढायला हवी होती. १६ चं निम्मं हवं, मग या चारांपैकी प्रत्येकाचं निम्मं कसं करशील, एवढंच विचारून थांबायचं. काही मुलं उभी रेघ मारतील. क्षेत्रफळ ८ येईल खरं, पण आकार आयत होईल. मग दुसरी रेघ शोधतील. बौधायनाच्या शुल्बसूत्रांत, चौरसाच्या कर्णावर दुप्पट चौरस उभा राहतो, हा नियम आयता मिळतो. इथे तो हाताने सापडण्याइतका जवळ आला होता.

सॉक्रेटिसलाही हे काम अर्धवट वाटत असावं. मुलाला आता जे कळलंय ते स्वप्नासारखं आहे, हेच पुन्हापुन्हा वेगवेगळ्या तऱ्हेने विचारलं तर ते पक्कं होईल, असं तो म्हणतो. आपल्या आठवीच्या वर्गात हे वेगवेगळं विचारणं चौकटीच्या कागदावर करता येतं. कोपरे चौकटींच्या छेदांवरच ठेवून दोन चौकटींचा चौरस काढा. आता पाचांचा काढा. दोन घरं आडवं, एक घर उभं असं तिरकं गेलं की तो निघतो. मग तीनांचा मागा, आणि तो का निघत नाही, यावर त्यांना भांडू द्या.