जागा बदललेले प्रथिन

‘सेल’ नियतकालिकाच्या जुलै १९९६च्या अंकात एमरी विद्यापीठातल्या शियाओदोंग वांग यांच्या गटाचा एक शोधनिबंध आहे. पेशीविहीन अर्कात नियोजित पेशीमृत्यू सुरू करायला काय काय लागते, असा त्याचा विषय. शीर्षक साधे, जवळजवळ रुक्ष. त्यातले स्फोटक नाव, सायटोक्रोम-सी, अगदी शेवटी येते, तेही डीएटीपी नावाच्या किरकोळ रेणूच्या पाठीमागून. हा संयम मला फार आवडतो.

हेला पेशी फोडायच्या, गरागरा फिरवून वरचा निवळ रस घ्यायचा. त्यात केंद्रक नाही, अखंड पेशी नाही. तरी चिमूटभर डीएटीपी पडले की पेशीची चिरफाड करणारा कॅस्पेज-३ हा विकर त्या रसात जागा होतो. मग हा रस गाळत, वेगळा करत एकेक घटक हुडकायचा. हाती लागलेले एक प्रथिन गुलाबी होते! रंग हीममधल्या लोहाचा. म्हणजे ज्याला डेव्हिड कीलिन यांनी १९२५ साली सायटोक्रोम हे नाव दिले, त्याच घराण्यातले हे. तंतुकणिकेत इलेक्ट्रॉन इकडून तिकडे पोचवणारा, श्वसनाच्या धड्यात प्रत्येकाने पाठ केलेला जुना कामकरी.

इथे एखादा उतावळा लेखक थांबला असता. या मंडळींनी स्वतःच्याच हातावर संशय घेतला. पेशी फुगवून फोडताना तंतुकणिकांना धक्का लागून हे प्रथिन उगाच सांडले असेल तर? म्हणून त्यांनी साखरेच्या द्रावणात, तंतुकणिका शाबूत ठेवून पेशी फोडल्या. रस मुका झाला. सायटोक्रोम-सी टाकले, रस पुन्हा बोलला. निबंधाचा प्राण मला इथे दिसतो. पुढे स्टॉरोस्पोरिन देऊन मरणाकडे ढकललेल्या पेशींतही ते प्रथिन तंतुकणिकेबाहेर सापडले.

भूप आणि देशकार यांचे स्वर तेच. गंधारावर रेंगाळलात तर भूप, धैवतावर जोर दिलात की देशकार. इथेही प्रथिन तेच, तंतुकणिकेच्या पटलाआड असताना श्वसनाचे, पटलाबाहेर आले की मृत्यूचे. निरोपासाठी वेगळा दूत नेमलेलाच नाही. जागा सोडणे हाच निरोप.

निबंधात नसलेला प्रश्न मात्र उरतो: तंतुकणिकेतल्या या प्रथिनाला जागा सोडायला लावतो कोण? अनेक कारणे आहेत, पण शेजार विसरून चालत नाही. आंतर्द्रव्यजालिका तिला अगदी खेटून असते. काही ठिकाणी अंतर जेमतेम १० ते २५ नॅनोमीटर. जालिकेतल्या आयपी-३ ग्राहीतून कॅल्शियम सुटते आणि ते थेट शेजारणीच्या दारात पडते. घोटभर आले तर ऊर्जेचे काम जोमाने चालते. सतत येत राहिले तर तंतुकणिका फुगते, पटल फाटते, सायटोक्रोम-सी बाहेर.

आणि २००३मध्ये जॉन्स हॉपकिन्समधल्या डॅरेन बोहनिंग व सहकाऱ्यांनी दाखवलेली ‘जागा’ (गाण्यातली म्हणतात ती) तर दाद घेणारी आहे: बाहेर आलेले सायटोक्रोम-सी परत जालिकेकडेच जाते, त्याच आयपी-३ ग्राहीला चिकटते. कॅल्शियम वाढले की हा ग्राही एरवी आवरते घेतो. आता त्याला आवरता येत नाही. कॅल्शियम वाहतच राहते, आणि पेशीतल्या इतर तंतुकणिकांच्या दारातही ते पोचते.