बातमीचे प्रात्यक्षिक आणि गावकुसाबाहेरचे वास्तव

पत्रकारिता वर्गात शिकवता येते काय, हा जुना वाद आहे. लेखणी उपजत असावी लागते असे एक पक्ष म्हणतो. दुसरा म्हणतो, सुतारकीसारखी तीही हाताला वळण लावून येते. आम्हाला हा वादच अपुरा वाटतो. विद्यापीठांतून बातमीचे जे प्रात्यक्षिक शिकवले जाते, ते कोणाचे जग गृहीत धरून शिकवले जाते, हा खरा प्रश्न आहे. तो विचारल्याशिवाय या शिक्षणाची समीक्षा होऊ शकत नाही.

आपली पत्रकारिता वर्गाबाहेर जन्मली. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात होते. त्याच विद्यापीठात १९१२ साली पत्रकारितेचे विद्यालय सुरू झाले होते. पण बाबासाहेब विद्यार्थी होते ते अर्थशास्त्राचे. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ निघाले आणि १९२७ साली ‘बहिष्कृत भारत’. या दुसऱ्या पत्राचे रकानेच्या रकाने त्यांना एकट्याला भरून काढावे लागले. हातात पदविका नव्हती, पदरी बातमीदार नव्हते. होती ती निकड.

म्हणून आपल्याला वर्गाची गरज नाही, असा निष्कर्ष कोणी काढील तर तो चुकीचा ठरेल. आज वृत्तपत्राच्या किंवा वाहिनीच्या दारात उभे राहायचे तर बहुधा पदवी विचारतात. आपली मुले राखीव जागांवर या विभागांत येतात, शिकतात, पदवी घेतात. पुढे काय होते? १९९६ साली बी. एन. उनियाल या पत्रकाराने दिल्लीत दलित पत्रकाराचा शोध घेतला. त्यांना एकही सापडला नाही. २००६ साली दिल्लीतील ३७ माध्यमसंस्थांतील निर्णय घेणाऱ्या ३१५ जणांची पाहणी झाली. त्यात एकही दलित वा आदिवासी नव्हता. २०१९ साली ऑक्सफॅम इंडिया आणि न्यूजलाँड्री यांनी वृत्तकक्षांतील १२१ प्रमुख पदे तपासली. १०६ पदांवर सवर्ण होते, अनुसूचित जाती-जमातींचा एकही नव्हता. वर्गात राखीव जागा आहे, वृत्तकक्षात नाही. या दोहोंच्या मध्ये जे प्रात्यक्षिक उभे आहे ते तपासले पाहिजे.

वर्गात काय शिकवतात? कोण, काय, कधी, कोठे, का, कसे हे सहा ककार. महत्त्वाचे आधी आणि तपशील नंतर. पोलीस ठाण्याची रोजची फेरी, पालिकेची सभा, पत्रकार परिषद. अलीकडे त्यात मोबाइलवर चित्रीकरण, ध्वनिमुद्रण आणि संकलन यांची भर पडली आहे. या कौशल्यांची आम्ही टवाळी करणार नाही. आकडा पडताळता न येणारा, नाव चुकवणारा बातमीदार सर्वांत आधी आपलेच नुकसान करतो. पण कौशल्याबरोबर विद्यार्थी आणखी एक गोष्ट नकळत शिकतो: कोणाचा शब्द ‘माहिती’ धरायचा आणि कोणाचा ‘आरोप’. ठाण्यातून आलेले पत्रक माहिती ठरते. वस्तीतली बाई बोलते तो आरोप ठरतो.

‘किरकोळ वादातून दोन गटांत हाणामारी’ हा मथळा पाहा. वाचकांनी तो शंभर वेळा वाचला असेल. एखाद्या वाङ्मयीन कृतीसारखा त्याचा एकेक शब्द तपासला पाहिजे. नवरदेव घोड्यावर बसला, विहिरीवर घागर भरली, जयंतीची मिरवणूक चावडीवरून नेली, यातले काय किरकोळ आहे आणि ते कोणी ठरवले? ‘दोन गट’ म्हटले की मारणारा आणि मार खाणारा एका तागडीत बसतात. आणि ‘वादातून’ म्हटले की हाणामारी आपोआप उगवते; ती करणारा माणूस वाक्यातूनच नाहीसा होतो. सहाही ककार भरले, परीक्षेत पूर्ण गुण मिळाले, आणि जात मात्र कोठेच आली नाही. याला तटस्थता म्हणतात. आम्ही याला बाजू घेणेच म्हणतो.

याची किंमत आपण मोजली आहे. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीत भय्यालाल भोतमांगे यांची पत्नी, मुलगी आणि दोन मुलगे यांना जमावाने ठार केले. सुरुवातीच्या काही बातम्यांनी अनैतिक संबंधांची कुजबुज हेच कारण म्हणून छापले. त्या कुटुंबाची जमीन, आधीच्या मारहाणीच्या प्रकरणात दिलेली साक्ष, हे सारे नातेवाइकांना विचारले असते तर कळण्यासारखे होते. पण महाराष्ट्राला हे हत्याकांड खऱ्या अर्थाने दिसले ते नोव्हेंबरात, लोक रस्त्यावर उतरले तेव्हा. २००८ साली भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवले. अत्याचार प्रतिबंधक कायदा मात्र लागू मानला नाही. बातमीतून वगळलेली जात निकालातूनही वगळली गेली. एकामुळे दुसरे घडले असा आमचा दावा नाही. पण दोन्ही ठिकाणी टाळला गेला तो एकच प्रश्न.

आता असे सांगितले जाते की मोबाइल आला, संपादकाची मक्तेदारी संपली, दलित आता स्वतःच बोलू शकतो. यात अर्धे सत्य आहे. ‘खबर लहरिया’ हे पत्र २००२ साली उत्तर प्रदेशातील चित्रकूटमधून ग्रामीण स्त्रियांनी सुरू केले. त्यांत दलित स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. पुढे त्या कागदावरून चित्रफितीकडे वळल्या. साधन बदलले, पण त्याच गावात पुन्हा पुन्हा जाणे आणि तिथल्याच बोलीत विचारणे त्यांनी सोडले नाही. त्यांचे बळ कॅमेऱ्यात कमी आणि या जाण्या-येण्यात जास्त आहे.

उरलेले अर्धे सत्य कडू आहे. मारहाणीची चित्रफीत हातोहात पसरते, आणि ज्याला एकदा गावाने विवस्त्र केले त्याला आपण सगळ्या देशासमोर पुन्हा उभे करतो. हे अनेकदा आपलेच कार्यकर्ते संतापाच्या भरात करतात. बलात्कारपीडितेची ओळख उघड करण्यास कायद्याची बंदी आहे. जिथे कायद्याची बंदी नाही तिथेही त्या माणसाची संमती विचारणे हा आंबेडकरी शिष्टाचार असला पाहिजे. संताप खरा आहे म्हणून बातमीदाराची जबाबदारी कमी होत नाही.

मग प्रात्यक्षिक कसे असावे? एकच घटना पोलिसांकडून, सरपंचाकडून आणि वस्तीकडून अशी तीनदा लिहून घ्यावी आणि वर्गात शेजारी-शेजारी ठेवून वाचावी. विद्यार्थ्याला प्रथम माहिती अहवाल वाचता आला पाहिजे: अत्याचार प्रतिबंधक कायद्याची कलमे लागली की नाहीत, तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे आहे की नाही. या कायद्यात आरोपपत्रासाठी साठ दिवसांची मुदत आहे. साठाव्या दिवशी जो विद्यार्थी त्या गावात परत जाईल, त्यालाच पूर्ण गुण द्यावेत. पहिल्या दिवशी सगळेच जातात.

आणखी एक गोष्ट. दलित विद्यार्थ्याच्या हाती फक्त अत्याचाराच्याच बातम्या सोपवणे हे वृत्तकक्षातले गावकूसच आहे. अर्थसंकल्प, पाटबंधारे, शेअर बाजार, क्रिकेट यांवरही त्याने लिहिले पाहिजे. आणि सवर्ण विद्यार्थ्याने वस्तीत जाऊन अंगणात बसून ऐकले पाहिजे. ज्यांनी मौन लादले त्यांच्या मुलांनाही ऐकण्याचे प्रशिक्षण लागते. हे प्रशिक्षण आज कोणत्या पेपरात, किती गुणांना आहे, हा प्रश्न प्रत्येक विभागातील आपल्या विद्यार्थ्यांनी आपल्या अध्यापकांना विचारावा. आणि अध्यापक आपलाच असेल, तर त्याला आधी विचारावा.