पदवीधरांचे ऋतू

हार्वर्ड विद्यापीठातील पदवीदान समारंभ. झगे घातलेल्या पदवीधरांना विचारले जाते, उन्हाळा आणि हिवाळा का होतात? उत्तर ठामपणे येते: उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याजवळ असते म्हणून! मॅथ्यू श्नेप्स आणि फिलिप सॅडलर यांच्या 'अ प्रायव्हेट युनिव्हर्स' (१९८७) या लघुपटाची ही सुरुवात. ऋतू किंवा चंद्रकला यांविषयी विचारलेल्या २३ विद्यार्थी, माजी विद्यार्थी व प्राध्यापकांपैकी २१ जणांच्या उत्तरांत चुकीच्या कल्पना आढळल्या.

चूक ही रिकामी जागा नसते, ती विचारपूर्वक उभारलेली कल्पना असते, हे लघुपट उत्तम दाखवतो. शेकोटीजवळ ऊब वाढते, या अनुभवातूनच ते उत्तर येते. आमचा आक्षेप पुढचा आहे. शाळकरी मुलीची कल्पना लघुपट धीराने उलगडत जातो. प्रौढांना मात्र प्रश्न विचारून तिथेच सोडून देतो. मग प्रेक्षकाच्या हाती उरते ते हसू.

शिक्षकांच्या वर्गात आम्ही हा लघुपट दाखवला तेव्हा असाच हशा पिकला. नंतर तोच प्रश्न निनावी चिठ्ठीवर सोडवायला दिला आणि हशा मावळला. आम्ही लगेच पृथ्वीगोल घेऊन आसाचा कल समजावला. सर्वांनी माना डोलावल्या. दुसऱ्या दिवशीच्या चिठ्ठ्यांत 'जवळ-लांब' पुन्हा हजर!

पुढच्या वर्गात आम्ही कमी बोललो. प्रौढांकडे अनुभवाची शिदोरी असते, ती उघडायला लावली. मेलबर्नची डिसेंबरअखेरची कसोटी भर उन्हाळ्यात कशी, यावर जोडीने चर्चा करा, असे सांगितले. पृथ्वी सूर्याला सर्वांत जवळ, सुमारे १४.७ कोटी कि.मी. अंतरावर, जानेवारीच्या सुरुवातीला असते. जुलैच्या सुरुवातीला हे अंतर १५.२ कोटी कि.मी. होते. हे आकडे आम्ही वाद रंगल्यावरच दिले. शेवटी काठीची सावली. पुण्यात १ मीटर उंच काठीची मध्यान्ह-सावली २१ मार्चच्या सुमारास ३३ सें.मी., तर २२ डिसेंबरला सुमारे ९० सें.मी. पडते. हिवाळ्यात किरण तिरपे पडतात, दिवसही लहान असतो. हे आता आम्हाला सांगावे लागले नाही.

तरीही एक तक्रार आलीच: सरळ सांगितले असते तर वेळ वाचला असता. तिचे आम्हाला नवल वाटत नाही. हार्वर्डमध्येच भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांवर झालेल्या, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कृतिशील वर्गातले विद्यार्थी अधिक शिकले, पण आपण कमी शिकलो असे त्यांना वाटले. सुबक व्याख्यान समजल्याचा भास देते; स्वतः धडपडताना अडखळल्यासारखे वाटते. प्रौढांना हे आधीच सांगून ठेवावे.

लघुपट जरूर दाखवावा. मात्र पहिला प्रश्न येताच तो थांबवावा आणि वर्गातल्या प्रत्येकाला, शिकवणाऱ्यालासुद्धा, आपले उत्तर लिहू द्यावे.