नकाशाचे रंग आणि सोलापूरचे ‘म्हणून’

बोलींच्या नकाशाविषयीची चर्चा बहुधा रेषा कोठून जाते या प्रश्नापाशी घुटमळते. ती कशाची काढावयाची, हा त्याआधीचा प्रश्न विचारलाच जात नाही. ग्रिअर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड 1905 साली प्रसिद्ध झाला. उधळ्या पुत्राच्या दृष्टांताची स्थानिक रूपांतरे सरकारी अधिकाऱ्यांकरवी मागवून बोली ठरवावयाच्या, ही त्याची पद्धती. (भाषांतरित धर्मकथेतून बोलीचा सहज स्वभाव कितपत प्रकट होतो, हा प्रश्न वेगळाच.) तिच्या मुळाशी ‘एक स्थळ, एक बोली’ हे गृहीतक आहे. अ. मा. घाटगे यांच्या 1963 पासूनच्या सर्वेक्षणमालेने रूपवर्णनाला शिस्त आणली. परंतु तिचे आरंभीचे लक्ष दक्षिण कानडा, कुडाळ, काणकोण, कोचीन अशा किनारपट्टीकडे होते.

सोलापूर या गृहीतकात मावत नाही. शहराच्या पूर्वभागातील पद्मशाली विणकरांच्या घरी तेलुगू, अक्कलकोटच्या बाजूस कन्नड, मुसलमान वस्त्यांत दखनी, आणि बाजारात या सर्वांची मराठी. मराठीच्या आद्य लेखांत गणला जाणारा शके 940 चा शिलालेख भीमा-सीनेच्या संगमावर ज्या गावी आहे, त्या हत्तरसंग कुडलच्या नावातील ‘कूडल’ म्हणजे कन्नडमध्ये संगमच.

‘म्हणून’ हा एकच शब्द घ्यावा. ‘उद्या येतो म्हणून सांगितलं’ या वाक्यात दुसऱ्याचे बोलणे आधी येते आणि ‘म्हणणे’ या धातूचे रूप त्याच्या मागे उभे राहते. कन्नडमध्ये त्याच जागी ‘अंत’, तेलुगूत ‘अनि’, दखनीत ‘बोलके’. शब्दांचा नकाशा काढल्यास चार रंग लागतील. रचनेचा काढल्यास एकच पुरेल. दखनीने तर मराठीचा निश्चयार्थक ‘च’ही उचलला आहे. त्याची रेषा मराठीच्या हद्दीपाशी थांबवावयाची ती कोणत्या न्यायाने?

शब्द भिन्न, वाक्याचा सांगाडा समान, हे गंपर्झ व विल्सन यांनी 1971 मध्ये सांगलीजवळच्या कुपवाडविषयी दाखवून दिले. तो निष्कर्ष सोलापूरला जसाच्या तसा लावणे मात्र घाईचे होईल. कुपवाडचा भाषासंपर्क शतकानुशतके एका खेड्यात मुरलेला. सोलापूरचा पुष्कळसा गिरण्या आणि मागांभोवती घडलेला. डेक्कन कॉलेजच्या अलीकडील बोली-सर्वेक्षणात शब्दांबरोबर व्याकरणविशेषांचेही नकाशे आहेत, ही जमेची बाजू. तरी ‘म्हणून’चा चौरंगी प्रवास केवळ मराठीच्या नकाशात दिसणे अवघडच.

हा वाद केवळ अभ्यासिकेतला नाही. महाजन आयोगाने 1967 साली अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरमधील गावे कर्नाटकास देण्याची शिफारस केली, तेव्हा एका गावास एक भाषा हेच माप पुन्हा हाती घेतले गेले होते.