पडद्यावरची बंदूक

साहित्यकृतीवरून चित्रपट निघाला की आपल्याकडचे वाद ठरलेले असतात. शेवट का बदलला, अमुक पात्र का गाळले, अमुक गाणे कोठून आले? ह्या वादांत वस्तूंकडे सहसा कोणी पाहत नाही. कादंबरीकार 'त्याने बंदूक उचलली' एवढे लिहून मोकळा होतो. ती कोणती, तिला नळ्या किती, ती खांद्याला लावली की कमरेशीच धरली, हे वाचक आपल्या अनुभवातून भरून घेतो. दिग्दर्शकाला ही सवलत नाही. त्याला एक ठरावीक बंदूक, एका ठरावीक माणसाच्या हाती, ठरावीक तऱ्हेने धरलेली दाखवावीच लागते. आणि तेथेच त्याची जाण किंवा बेपर्वाई उघडी पडते.

शिरूर-दौंडकडील वाचकांस बंदूक परकी नाही. निवडणूक आली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करण्याचे हुकूम निघतात, आणि गावात ती कोणाकोणाकडे आहे हे सर्वांस ठाऊक असते. १९५९ चा शस्त्र कायदाही ह्या बाबतीत बारकाईने बोलतो. संरक्षणासाठी वा शिकारीसाठी गुळगुळीत नळीची, निदान २० इंच लांबीच्या नळीची बंदूक तो वेगळी काढतो, आणि पीकराखणीसाठी ठासणीची वेगळी. कायद्याला जो भेद कळतो तो आमच्या ग्रामीण चित्रपटांना कळू नये, ह्याचे नवल वाटते. तेथे पाटलाच्या भिंतीवर टांगलेली छर्ऱ्याची बंदूक एका नाल्यावरून दुसऱ्या नाल्यापलीकडचा माणूस अचूक टिपते. वास्तविक बारा बोअरच्या छर्ऱ्यांचा भरवसा पस्तीस-चाळीस मीटरपर्यंतच. पुढे ते विखुरतात आणि त्यांचा जोर सरतो. दुनळीतून दोनच बार निघतात. मग ती मोडून काडतुसे बदलावी लागतात. पडद्यावर चौथा-पाचवा बारही सुखेनैव निघतो. त्याच पडद्यावर ख्रिस्ती धर्मगुरू मिस्साची वस्त्रे अंगावर घेऊनच बाजारातून हिंडतो, तेव्हा आम्ही मंडळी हसतो. बंदुकीला मात्र कोणी हसत नाही.

ह्यावर कोणी म्हणेल, ही तर किरकोळ खोडी काढणे झाले. काही चुका खरोखरच किरकोळ असतात. कॉर्मॅक मॅकार्थी यांच्या कादंबरीवरील 'नो कंट्री फॉर ओल्ड मेन' (२००७) ह्या चित्रपटाचा काळ १९८० चा. पण त्यातील मारेकऱ्याच्या हाती आहे ती रेमिंग्टन ११-८७, म्हणजे १९८७ साली बाजारात आलेली बंदूक. जाणकारांनी ही विसंगती दाखवून दिली आहे. तरीही चित्रपटाच्या केसाला धक्का लागत नाही. कादंबरीतील त्या माणसाची थंड, यांत्रिक निर्दयता त्या बंदुकीत पुरेपूर उतरली आहे. साल चुकले, आशय चुकला नाही.

उलट शस्त्र जाणूनबुजून बदलूनही दिग्दर्शक मूळ कथेशी प्रामाणिक राहू शकतो. प्रेमचंदांच्या 'शतरंज के खिलाड़ी' ह्या कथेत अवध बुडत असता बुद्धिबळात बुडालेले मिर्झा आणि मीर अखेर एकमेकांवर तलवारी उपसतात आणि दोघेही मरतात. राज्यासाठी जे रक्त सांडले नाही ते प्याद्यांसाठी सांडले, असा हा उपरोध आहे. सत्यजित राय यांनी १९७७ च्या चित्रपटात तलवारी काढून घेतल्या आणि मीरच्या हाती पिस्तूल दिले. तेही दचकून सुटते, गोळी मिर्झाच्या दंडाला चाटून जाते, आणि थोड्या वेळाने दोघे पुन्हा डाव मांडतात, तोही इंग्रजी नियमांचा. अनेकांस हा बदल रुचला नाही. आम्हांस तो योग्य वाटतो. तलवारीने मेलेल्या माणसाला निदान शूर म्हणता येते. प्रेमचंदांनीही आपल्या पात्रांना व्यक्तिगत शौर्य नाकारले नव्हते. राय यांनी तेवढेही शिल्लक ठेवले नाही. हा निवाडा मूळ कथेपेक्षा कठोर आहे, पण तो तिच्याच दिशेने पुढे गेलेला आहे.

शिकारीची बंदूक जिच्या केंद्रस्थानी आहे अशी एक इंग्रजी कादंबरी येथे आठवते : इझाबेल कोलगेट यांची 'द शूटिंग पार्टी' (१९८०). ॲलन ब्रिजेस यांचा तिच्यावरील चित्रपट १९८५ चा. काळ १९१३ चा, महायुद्धाच्या आदल्या वर्षाचा. सर रँडॉल्फ यांच्या जमीनजुमल्यावर पाहुणे पक्ष्यांच्या शिकारीस जमतात. प्रत्येकाजवळ बंदुकांची जोडी. एक झाडायची तोवर मागे उभा असलेला चाकर दुसरी भरून हाती देणार. समोरून गावचे हाकारे झाडी बडवीत येणार. दोन उमरावांत कोणाचे पक्षी अधिक ह्याची ईर्षा लागते, एकजण खाली उडणाऱ्या पक्ष्यावर बार टाकतो आणि छर्रे हाकाऱ्याला लागतात. टॉम हार्कर मरतो.

ह्या चित्रपटाचे श्रेष्ठत्व आमच्या मते चाकराच्या हातांत आहे. बंदूक देण्या-घेण्याची ती सवयीची लय सबंध चित्रपटभर आपण पाहत असतो. मालक मागे वळून पाहतही नाही. हात मागे गेला की भरलेली बंदूक त्यात येते. जो समाज असा चालतो त्यात गोळी कोणाला लागणार हे सांगावे लागत नाही. हे सारे तपशील ढिलाईने दाखवले असते, एकच बंदूक सहा वेळा झाडलेली दिसली असती, तर चाकराची गरजच उरली नसती आणि हार्करचा मृत्यू निव्वळ अपघात ठरला असता.

हाच प्रश्न आपल्या देशात मृणाल सेन यांच्या 'मृगया'त (१९७६) उभा राहतो. मूळ कथा भगवतीचरण पाणिग्राही यांची, ओडियातील 'शिकार'. आदिवासी घिनुआ रानटी जनावरे मारतो आणि गोरा साहेब त्याला बक्षीस देतो. मग तो गावाला नाडणाऱ्या सावकाराला मारून त्याच श्रद्धेने बक्षिसासाठी येतो. त्याला फाशी होते. साहेबाजवळ बंदूक, घिनुआजवळ धनुष्यबाण. दोघेही शिकारी, दोघांत मैत्रीही. पण कोणती हत्या पराक्रम आणि कोणती गुन्हा हे बंदुकीच्या बाजूने ठरते. सेन हे संवादांतून फार सांगत नाहीत. शस्त्रे शेजारी शेजारी ठेवतात.

आमच्या तालुक्यांतील वाचकाला हे पाहताना फासेपारधी आठवल्यावाचून राहत नाही. त्याच्या हाती बंदूक कधी नव्हतीच. फास लावून तित्तर, ससा धरणे ही त्याची विद्या. साहेबाच्या बंदुकीला शिकार म्हणायचे आणि ह्याच्या फासाला चोरी, ही रीत जुनीच. १८७१ च्या कायद्याने सुरू झालेला गुन्हेगार जमातीचा शिक्का १९५२ साली कागदावरून पुसला गेला. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने फासही बेकायदा झाला. सुप्याच्या माळावर १९९७ पासून चिंकाऱ्यांसाठी मयूरेश्वर अभयारण्य आहे, आणि ते असायलाच हवे. पारध्याचे पोट कशावर चालावे, हे मात्र त्या कायद्यात कोठे लिहिलेले नाही. मराठी पडद्याने ह्या माणसाला फास सोडून दुसरेच काही हाती दिले, बहुधा सुरा, तर तो केवळ वस्तूचा घोटाळा नसतो. एका जमातीवरचा तो जुना शिक्का पुन्हा उमटतो.

व्यंकटेश माडगूळकर स्वतः बंदूक घेऊन रान तुडवलेले लेखक. त्यांच्या 'बनगरवाडी'वर (१९५५) अमोल पालेकरांनी १९९५ साली चित्रपट काढला. त्यातील कारभारी आहेत चंद्रकांत मांढरे, भालजी पेंढारकरांच्या 'छत्रपती शिवाजी'त (१९५२) महाराजांच्या भूमिकेत तलवार बांधलेले नट. येथे त्यांच्या हाती काठी आहे. भीमेकाठच्या वाटांनी दरवर्षी मेंढरे हाकीत जाणारे धनगर ज्यांनी दौंडकडे पाहिले आहेत, त्यांनी तो काठीवरचा हात एकदा नीट पाहावा.