टेलेमॅकसची कथा

रोमच्या आखाड्यांतील ग्लॅडिएटरांचा मनुष्यवध ख्रिस्ती धर्मानें थांबविला, असें सांगतांना जो तो टेलेमॅकसकडे बोट दाखवितो. थिओडोरेट या धर्माध्यक्षाच्या ग्रीक इतिहासांत ही कथा आहे. पूर्वेकडील एक संन्यासी आखाड्यांत उतरतो, लढणारांना आवरूं पाहतो, प्रेक्षक त्याला दगडांनीं ठार करतात, आणि बादशहा होनोरियस ते खेळ बंद करतो. एवढें सारें मोजक्या वाक्यांत! एरव्हीं संन्याशांची टर उडविणारा गिबनहि येथें मृदु होतो. मग इतरांची काय कथा?

थिओडोरेटनें हें लिहिलें तें होनोरियसच्या पश्चात्, दूर सीरियांत बसून. सालहि दिलें नाहीं. इ. स. 404 हें मागाहून जोडलेलें आहे. परंतु आम्हांस खरी अडचण वाटते ती निराळीच. असे खेळ नापसंत करून अपराध्यांना आखाड्याऐवजीं खाणींत धाडण्याचा हुकूम कॉन्स्टंटाइननें 325 सालींच काढला होता. आणि त्यानेंच पुढें हिस्पेलम नगरास हे खेळ भरविण्याची मोकळीक दिली! टेलेमॅकसवर दगड उचलणारे हात, ज्यूलियनचा अल्पकाळ सोडल्यास, पाऊणशें वर्षें ख्रिस्ती बादशहांच्या अमलाखालीं वाढलेले होते.

मग धर्मानें केलें काय? धर्माचार्यांचा रोष होता हें निर्विवाद; पण तो कोणासाठीं? टर्टुलियनला काळजी मूर्तिपूजेची व प्रेक्षकाच्या आत्म्याची. ग्रंथाच्या शेवटीं तो भाविकांना अंतिम न्यायाच्या दिवशींचा याहून भव्य तमाशा देऊं करतो, हें वाचून अंगावर कांटा येतो. ऑगस्टाइनचा मित्र अलिपियस डोळे मिटून बसतो, आरोळी ऐकून ते उघडतो आणि रक्तपानानें धुंद होतो. हें चित्र अप्रतिम खरें. तथापि पडलेल्या लढवय्यापेक्षां अलिपियसचें पतनच ऑगस्टाइनला अधिक करुण वाटतें. प्रुडेंटियस कवि होनोरियसला मनुष्यवध थांबविण्याची विनवणी करतो, पण श्वापदांचे खेळ त्याला चालतात.

प्रतिपक्षहि पाहावा. जुन्या धर्माचा कैवारी सिमॅकस याचे 29 सॅक्सन कैदी खेळापूर्वीं स्वतःच गळे आवळून मेले, तेव्हां त्याला दुःख झालें तें खेळ फसल्याचें. त्याच्या तुलनेंत ऑगस्टाइन कितीतरी वर! परंतु त्या दोन लढवय्यांच्या मधोमध पाऊल टाकणारा, या साऱ्या वाङ्मयांत आम्हांस टेलेमॅकस एकटाच भेटतो. श्वापदांचे खेळ रोममध्यें 523 सालींहि चालू होते.