कथेत नजरा फार झाल्या

अलीकडच्या दिवाळी अंकांतल्या कथा सलग वाचत गेलं की एक गोष्ट खटकत राहते. पात्रं सारखी एकमेकांकडे पाहत असतात. कुणी रोखून पाहतं, कुणी नजर चोरतं, कुणाचे डोळे विस्फारतात, कुणाच्या डोळ्यांच्या कडा ओलावतात. काहीच सुचलं नाही तर कुणीतरी शून्यात पाहत बसतं. विषय शेतीचा असो, घटस्फोटाचा असो की आयटीतल्या नोकरीचा, भावनेचा सगळा भार डोळ्यांवर.

नमुन्यादाखल एक प्रसंग रचून पाहू. दोन भाऊ, वडील नुकतेच गेलेले, विषय शेताच्या वाटणीचा. ‘थोरल्याने धाकट्याकडे पाहिलं. धाकट्याने नजर खाली घातली. “विहीर कुणाकडे?” थोरल्याच्या डोळ्यांत तिरस्कार चमकून गेला. वहिनीने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं.’ एवढ्याशा तुकड्यात चार नजरा, तरी हे भाऊ कोण, कसे, याचा पत्ता नाही. आता थोरल्याच्या हातात सातबाऱ्याचा उतारा द्या. विहिरीचं नाव निघताच तो उताऱ्याची घडी घालून खिशात ठेवतो आणि बायकोला म्हणतो, “चहा टाक.” धाकटा म्हणतो, “मला नको, स्टँडवर घेऊन आलोय.” ज्या घरात तो वाढला तिथला चहा त्याला आता नकोसा झाला आहे. यात कुणी कुणाकडे पाहिलं ते सांगावं लागत नाही.

‘डोळ्यांत तिरस्कार चमकून गेला’ या वाक्याचं दुखणं जरा खोल आहे. कथालेखनाच्या शिबिरांत ‘सांगू नका, दाखवा’ असं शिकवतात. मग लेखक ‘त्याला तिरस्कार वाटला’ हे वाक्य खोडतो आणि तोच तिरस्कार डोळ्यांत नेऊन ठेवतो. दाखवलं काहीच नाही, सांगण्याची जागा तेवढी बदलली. प्रथमपुरुषी निवेदनात तर याने अनर्थ होतो. ‘माझ्या डोळ्यांत चमक आली’ असं निवेदिका लिहिते, तेव्हा ती चमक तिला कुठून दिसली?

भरताच्या नाट्यशास्त्रात 36 दृष्टी सांगितल्या आहेत. पण तिथे नटाचा जिवंत डोळा प्रेक्षकासमोर असतो. रोजच्या मालिकांत कॅमेरा एकेका चेहऱ्यावर थांबत जातो. तिथेही पापणी हलते, ओठ थरथरतो, अभिनेत्रीचा चेहरा काम करतो. मालिकांचा हा क्लोज-अप कथेने उचलला, पण चेहरा आणणार कुठून? कागदावर उरतो तो नुसता ‘कटाक्ष’. कथेत नजरा वाढण्याचं दुसरं कारण अगदी साधं आहे. दोन संवादांच्या मध्ये जरा थांबायचं असतं आणि ‘तिने त्याच्याकडे पाहिलं’ हे लेखणीत तयारच असतं.

आपल्याकडे तर वेगळी वाट केव्हाच मळलेली आहे. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (1955) शेकूची बायको बैलाच्या जागी स्वतः औताला जुंपून घेते. वाचकाच्या मनात राहतं ते तिच्या मानेवरचं जू. मराठी बोलीतही अंगाची केवढी भाषा आहे! पदर खोचणं, बोटं मोडणं, नाक मुरडणं, जीभ चावणं, पाय आपटणं, कपाळावर हात मारून घेणं. यांतलं काहीही सरसकट वापरलं तर तेही गुळगुळीत होईल, हे खरं. तरी हात कशात तरी गुंतलेले असले की माणसाचा धंदा, वय, घरातली जागा आपोआप कथेत येते. नजरेला धंदा नसतो.

म्हणून डोळे कथेतून हद्दपारच करावेत असं मला मुळीच वाटत नाही. बाबूराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या कथेत (1963 च्या त्याच नावाच्या संग्रहातल्या) जात लपवून राहणाऱ्या माणसाला दुसऱ्याची नजर म्हणजे धोका. कुणी निरखून पाहिलं तर पुढे काय होईल, यावर त्याचा जीव टांगलेला. मुलगी पाहण्याच्या कार्यक्रमात पाहणं हीच घटना असते. अशा ठिकाणी नजर गाळली तर कथाच गळून पडेल. पण तिला तिथे तेज यायचं, तर आधीची दहा पानं लेखकाने ती उधळलेली नसावी.

लेखकाला हे एकट्याने दिसणं कठीण असतं. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांच्या ‘सत्यकथे’त कथेच्या एकेका ओळीवर लेखकाशी चर्चा होत असे. 1982 साली ते मासिक बंद पडलं आणि तसं संपादन मराठीत दुर्मीळ झालं. आज पुष्कळदा कथा ईमेलने येते, शुद्धलेखन तपासलं जातं आणि ती पानावर लागते. संपादकांनी निदान नव्या लेखकांच्या हस्तलिखितांतल्या नजरांखाली पेन्सिलीने रेघ मारून ती परत पाठवावीत आणि प्रत्येक ठिकाणी विचारावं, या वेळी याचे हात काय करत होते? दिवाळी अंकांची कामं महिनोन्महिने आधी सुरू होतात. एका पुनर्लेखनाला तेवढी सवड नक्की मिळते.